इनटेक बदलल्यापासून चेक इंजिनचा दिवा परत परत लागतोय? मोजणीतून सुटलेली हवा शोधा

इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेचा, कंपनीचा एअर बॉक्स (फिल्टरचा डबा) काढला, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर आणि नवा पाइप घरीच बसवला. पहिले काही दिवस गाडी मस्त पळाली, आवाजही दमदार झाला. मग एक दिवस चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. स्कॅनरवर पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. व्ही इंजिन असेल तर जोडीला पी ०१७४. कोड पुसला, दिवा गेला, आणि थोड्याच दिवसांत परत हजर. मधल्या काळात आयडलिंग वरखाली होतं, कधी सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडतं, कधी हळू वेगात गाडी झटके घेते.

बहुतेक जण इथे दोनपैकी एक गोष्ट करतात. कोड पुसत राहतात, नाहीतर ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकतात. दोन्हीने काही होत नाही, कारण ऑक्सिजन सेन्सर इथे खरं तेच सांगत असतो: इंजिनात हवा जास्त जातेय आणि तिच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ही जास्तीची हवा येते कुठून, एवढाच प्रश्न आहे. घरी बदललेल्या इनटेकमध्ये ती दोनच प्रकारे येते. एक तर हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरला चुकवून आत शिरते, नाहीतर सेन्सरसमोरूनच जाते पण सेन्सर तिला कमी मोजतो. यातलं तुमच्या गाडीत काय घडतंय हे पाना हातात घेण्याआधी स्कॅनरवर कळू शकतं.

दिवा लगेच का लागत नाही

हे आधी समजून घ्या, कारण याच कारणाने लोक आठवडेच्या आठवडे घालवतात. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल क्षणाक्षणाला कमी-जास्त करतो. हा शॉर्ट टर्म ट्रिम. तीच दुरुस्ती सारखी करावी लागतेय असं दिसलं की तो ती लक्षात ठेवतो, तो लाँग टर्म ट्रिम. दोन्हींची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, बहुतेक गाड्यांत अधिक २० ते २५ टक्क्यांच्या आसपास, की कोड तयार होतो. तोही पहिल्याच फेरीत (इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत एक फेरी) दिवा लावत नाही. सहसा लागोपाठच्या दुसऱ्या फेरीत तोच दोष दिसला तरच दिवा लागतो.

कोड पुसताना हे शिकलेले आकडेही बहुतेक गाड्यांत पुसले जातात. म्हणजे ईसीयू शून्यापासून शिकायला लागतो आणि मर्यादा गाठायला त्याला परत वेळ लागतो. मधले ते शांत दिवस म्हणजे दुरुस्ती झाल्याची खूण नव्हे. कोड पुसल्यावर ‘आता ठीक वाटतंय’ या वाटण्याला काही अर्थ नाही, ट्रिमचे आकडे काय सांगतात ते बघायचं.

तीन ठिकाणचे आकडे

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात बसणारा साधा ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरचं ॲप पुरेसं आहे. मात्र जिवंत आकडे दिसायला हवेत, नुसते कोड वाचणारं यंत्र इथे उपयोगाचं नाही.

इंजिन पूर्ण तापू द्या. एसी, दिवे, मागची काच तापवणारी तार, सगळं बंद ठेवा. मग शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म यांची बेरीज तीन वेळा लिहून घ्या: आयडलवर, गाडी उभी असताना २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट स्थिर धरून, आणि मोकळ्या रस्त्यावर चढ किंवा मोठ्या गिअरमध्ये इंजिनावर भार असताना. तिसरा आकडा शेजारी बसलेल्याने वाचायचा, चालवणाऱ्याने नाही. चालू गाडीच्या या नोंदी ॲपमध्ये साठवता येत असतील तर सर्वांत उत्तम.

निरोगी गाडीत बेरीज शून्याच्या आसपास, अधिक-उणे ५ टक्क्यांत असते. दहापर्यंत मी फारसं मनावर घेत नाही. आता तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवा.

आयडलवर अधिक १८ आणि २५०० वर अधिक ४ असं काही दिसत असेल, तर थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या) पुढे, इंजिनाच्या बाजूला, कुठेतरी भोक आहे. आयडलवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलपासून सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम जोरात असतो, आणि इंजिनाला लागणारी एकूण हवा फारच थोडी असते. त्या थोड्या हवेत बाहेरून आलेली चिमूटभर हवाही मोठा हिस्सा होते. रेस दिली की एकूण हवा वाढते आणि तोच हिस्सा किरकोळ ठरतो.

तिन्ही ठिकाणी साधारण सारखाच आकडा, समजा १५, १६, १७, असेल तर सेन्सर सगळ्याच हवेला एका प्रमाणात कमी मोजतोय. संशय पाइपच्या व्यासावर घ्या. सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधला सांधा उघडा असेल तरी चित्र जवळपास असंच दिसू शकतं, म्हणून सांधे तपासून मगच व्यासाला दोष द्या.

आयडलवर ठीक, पण भार वाढेल तसा आकडा चढत जात असेल तर सेन्सरच्या तारेवर मळ आहे, नाहीतर पेट्रोलचा पुरवठाच कमी पडतोय. दुसऱ्या शक्यतेचा इनटेकशी काही संबंध नाही. जुना फ्यूएल फिल्टर किंवा थकलेला पंप नेमका इनटेक बदलल्यावरच लक्षात यावा, असंही होतं.

ब्रीदरची नळी: सर्वांत जास्त वेळा इथेच घोळ असतो

आयडलवर आकडा मोठा आणि वर गेल्यावर लहान, असं असेल तर बाकी सगळं सोडून आधी ब्रीदर बघा.

इंजिनाच्या वरच्या झाकणातून, म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरमधून, एक जाडसर रबरी नळी निघून कंपनीच्या इनटेक पाइपला जाते. पिस्टन रिंगच्या फटीतून खाली उतरलेला वायू इंजिनात साचू नये म्हणून ही सोय असते. दुसऱ्या बाजूला पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो, तो मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमने हा वायू ओढून परत जाळायला पाठवतो. त्याच्या जागी आत जी ताजी हवा यायची, ती या जाड नळीतून येते. कंपनीने ही नळी मुद्दाम मास एअरफ्लो सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामध्ये जोडलेली असते, म्हणजे या वाटेने जाणारी हवासुद्धा आधी सेन्सरसमोरून मोजून गेलेली असते.

घरी इनटेक बदलताना नव्या पाइपला ती नळी बसायला तोंडच नसतं. मग काय करतात, तर नळी काढून व्हॉल्व्ह कव्हरच्या तोंडावर छोटासा वेगळा ब्रीदर फिल्टर लावतात. दिसायला छान दिसतो. पण आता पीसीव्ही व्हॉल्व्ह बाहेरची न मोजलेली हवा त्या छोट्या फिल्टरमधून ओढतो, इंजिनातून फिरवतो आणि मॅनिफोल्डमध्ये सोडतो. सगळे क्लॅम्प घट्ट, कुठे चीर नाही, तरीही पी ०१७१ हटत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. यावर ‘मग पीसीव्हीच बंद करून टाकू’ हा उपाय सुचवणारे भेटतात. ते अजिबात करू नका. इंजिनातला दाब वाढतो, ऑइल सील गळायला लागतात आणि ऑइल लवकर खराब होतं.

खात्री करायला सोपी चाचणी आहे. इंजिन आयडलवर, स्कॅनरवर शॉर्ट टर्म ट्रिम उघडा ठेवा, आणि त्या छोट्या फिल्टरचं तोंड काही सेकंद जाड प्लास्टिकने झाका. ट्रिम झपकन खाली उतरला तर चोरवाट सापडली. हात पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवा, बाह्या सैल नकोत. रेडिएटरचा विजेचा पंखा केव्हाही आपोआप सुरू होतो.

दुरुस्ती म्हणजे नव्या पाइपला, सेन्सरच्या पुढे आणि थ्रॉटलच्या अलीकडे, नळीच्या मापाचं तोंड बसवणं. धातूचा पाइप असेल तर ते वेल्ड करून घ्यावं. प्लास्टिक असेल तर रबरी ग्रोमेटमधून घट्ट बसणारं तोंड चालतं, पण ग्रोमेट ऑइलला टिकणाऱ्या रबराचा हवा, साधं रबर ऑइलच्या वाफेने फुगून सैल होतं. पाइप भोक पाडायला गाडीवरून काढूनच घ्या. धातूचा एखादा कीस आत राहिला तर तो थेट सिलिंडरमध्ये जातो. भोकाची कड कानशीने घासून, आतून ओल्या फडक्याने पुसून, धुऊन, वाळवून मगच परत बसवा.

ब्रीदर जागेवर असेल आणि तरी आयडलवर आकडा मोठा असेल, तर बाकीच्या नळ्या पाहा. ब्रेक बूस्टरची नळी, टाकीच्या वाफेच्या पर्ज व्हॉल्व्हची नळी, जुन्या गाडीत आयडल कंट्रोल व्हॉल्व्हची नळी. एअर बॉक्स उपटताना यातली एखादी ओढली जाते आणि टोकाशी चिरते. मॅनिफोल्डच्या बाजूची चीर शोधायला साबणाच्या पाण्याचा हलका फवारा पुरतो: पाणी चिरेत ओढलं गेलं की आयडलचा सूर क्षणभर बदलतो. कार्ब क्लीनर किंवा गॅस फवारून शोधण्याची पद्धत प्रचलित आहे, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ ती करू नये असं माझं ठाम मत आहे. इग्निशन कॉइल आणि विजेच्या जोडण्यांवर पाणीही जाऊ देऊ नका.

पाइपचा व्यास: सहा मिलिमीटरची किंमत

मास एअरफ्लो सेन्सर सगळी हवा मोजत नाही. पाइपच्या मध्यभागी एका बारीक वाटेत तापवलेली तार किंवा पातळ पट्टी असते. जवळून जाणारी हवा तिला थंड करते, आणि तिचं तापमान टिकवायला किती वीज लागते त्यावरून हवेचं वजन काढलं जातं. म्हणजे सेन्सर एका लहानशा प्रवाहाचा नमुना घेतो आणि ईसीयू त्यावरून पूर्ण पाइपचा हिशेब मांडतो. तो हिशेब कंपनीच्या पाइपच्या आतल्या व्यासासाठीच पक्का केलेला असतो.

समजा कंपनीच्या सेन्सरची जागा आतून ७० मिमी आहे आणि तुम्ही ७६ मिमीचा पाइप लावला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं, त्यामुळे ७६ चा वर्ग ५७७६ भागिले ७० चा वर्ग ४९००, म्हणजे साधारण १.१८ पट. तेवढीच हवा आता १८ टक्के जास्त जागेतून जाते, तारेजवळून जाताना तिचा वेग सुमारे १५ टक्क्यांनी कमी होतो, आणि सेन्सर जवळपास तेवढीच हवा कमी सांगतो. ईसीयूला पेट्रोल १८ टक्के वाढवून द्यावं लागतं. कोडच्या उंबरठ्यावर तुम्ही पाइप बसवला त्याच दिवशी जाऊन बसलात. वरून थोडी थंडी, थोडा मळ, एखादा सैल क्लॅम्प एवढंच निमित्त लागतं.

एक मिलिमीटरचा फरकही सोडून देण्यासारखा नाही. ७० ऐवजी ७१ मिमी झाला की जवळपास ३ टक्के फरक पडतो. आणि मोजायचा तो आतला व्यास. धातूचे पाइप बाहेरच्या व्यासाने विकले जातात. बाहेरून ७६ मिमीच्या पाइपची भिंत दोन मिमीची असेल तर आतून तो ७२ मिमीच भरतो. दुकानातल्या लेबलवर जाऊ नका, व्हर्निअर कॅलिपर घेऊन दोन-तीन दिशांनी मोजा, कारण बेंड दिलेला पाइप बऱ्याचदा गोल राहत नाही, किंचित चपटा होतो.

यातलं जास्त गंभीर नुकसान दिव्याने कळत नाही. हवा कमी मोजली गेली की ईसीयूला वाटतं इंजिनावर भार कमी आहे, आणि तो स्पार्क जास्त आधी सोडतो. शिवाय ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर बहुतेक ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या दुरुस्तीवर चालत नाहीत, सेन्सरच्या मोजमापावर आणि आधी शिकलेल्या आकड्यावर भिस्त असते. पेट्रोल कमी आणि स्पार्क लवकर, अशा वेळी इंजिन ठोकायला लागतं. चढावर बारीक टिकटिक ऐकू येत असेल तर त्या इनटेकवर जोरात गाडी पळवणं तिथल्या तिथे थांबवा. कोड पुसत दिवस काढणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

उपाय सरळ आहे. सेन्सर जिथे बसतो तो कंपनीचा मूळ तुकडा वापरा. बऱ्याच गाड्यांत तो एअर बॉक्सच्या झाकणापासून स्क्रू काढून वेगळा होतो. तो फिल्टर आणि नव्या पाइपच्या मध्ये कपलरने (दोन पाइप जोडणाऱ्या लवचीक नळीने) जोडायचा. मागचा-पुढचा पाइप मोठा असला तरी चालेल, मोजणीची जागा मूळ मापाची हवी. दुसरा मार्ग ईसीयूचं ट्यूनिंग करून सेन्सरचा तक्ता नव्या व्यासासाठी बदलून घेण्याचा आहे. तो जाणकाराकडूनच, वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लावून करून घ्यायचा. सेन्सरच्या तारेत रेझिस्टर घालून आकडा ‘वाढवणाऱ्या’ युक्त्या एका वेगाला बरोबर येतात आणि दुसऱ्याला चुकतात, त्या नादाला लागू नका.

व्यास बरोबर, तरी आकडा नाचतो

मूळ तुकड्यात सेन्सरच्या आधी बारीक जाळी किंवा मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी चाळणी असते. ‘हवेला अडथळा’ म्हणून ती काढणारे खूप. तिचं काम घुसळून आलेली हवा सरळ करण्याचं आहे. ती काढली, किंवा सेन्सरच्या अगदी आधी तीव्र बेंड आला, की हवा एका कडेने वेगात आणि दुसऱ्या कडेने रेंगाळत जाते, मग त्या छोट्या वाटेत येणारा नमुना फसवा ठरतो. स्कॅनरवर आयडलला ग्रॅम प्रति सेकंदाचा आकडा स्थिर हवा. तापलेल्या निरोगी इंजिनात तो ढोबळमानाने इंजिनाच्या लिटरइतका किंवा त्याहून थोडा जास्त असतो, दोन लिटरच्या इंजिनाला दोन-तीन ग्रॅम. तो सतत उड्या मारत असेल तर सेन्सरच्या आधी सरळ लांबी वाढवा, जाळी परत बसवा, आणि जमत असेल तर पाइप थोडा फिरवून सेन्सरचं तोंड बेंडच्या बाहेरच्या-आतल्या कडेला येणार नाही असं करा.

सेन्सरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो इंजिनाकडे हवा. सेन्सरच्या बुडाशी असलेलं ओ-रिंग जुन्या घरातच अडकून राहिलं आहे का, तेही पाहा. ते नसेल तर तिथूनच हवा शिरते.

धुऊन परत वापरायच्या कापडी फिल्टरला ऑइल लावावं लागतं. जरुरीपेक्षा जास्त लावलं तर ते तारेवर जाऊन बसतं, त्यावर धूळ चिकटते, आणि भार वाढेल तसा ट्रिम चढत जातो. साफ करायला मास एअरफ्लो सेन्सरसाठीच मिळणारा स्प्रे घ्या. ब्रेक क्लीनर, कार्ब क्लीनर नको, कापूस किंवा ब्रश तर तारेजवळही नेऊ नका. सेन्सर काढून लांबून फवारा मारा, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. ऑइल लावलेला फिल्टरही लगेच बसवू नका. ऑइल सगळीकडे सारखं झिरपू द्या, जास्तीचं टिपून घ्या.

इंजिन हलतं, फिल्टर हलत नाही

हा दोष सर्वांत चकवणारा, कारण गाडी उभी असताना सगळं व्यवस्थित दिसतं. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं आणि गिअर टाकताना, वेग घेताना ते डोलतं. फिल्टर मात्र बॉडीला पकडलेला असतो. कंपनीच्या पाइपमध्ये घड्यांचा रबरी भाग असतो, तो हे डोलणं पोटात घेतो. आपण त्या जागी ताठ पाइप लावतो. मग प्रत्येक धक्क्याला कपलर केसभर सरकतो, थ्रॉटलकडच्या खालच्या बाजूला फट पडते, गाडी थांबली की फट मिटते. खालची बाजू वरून दिसतही नाही.

प्रत्येक सांध्यावर पेंट मार्करने एक सरळ रेघ मारा, अर्धी कपलरवर, अर्धी पाइपवर. काही दिवस गाडी चालवून परत बघा. रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर राहिले नसतील तर तो सांधा सरकतोय. इंजिन बंद आणि थंड असताना ते हाताने पुढे-मागे ढकलून पाहिलं तरी कुठे ताण येतोय ते दिसतं.

नुसता क्लॅम्प आणखी आवळणं हा याचा इलाज नाही. जास्त आवळलेला पट्टीचा क्लॅम्प सिलिकॉन कापतो आणि प्लास्टिकचा पाइप आत दबतो. एका जागी घडीचा किंवा उंचवट्याचा लवचीक कपलर घाला, पाइपच्या टोकाला कड उभारून घ्या म्हणजे कपलर निसटत नाही, आणि पाइपला आधार द्यायचा तो रबरी बुशमधून द्या.

घरगुती पाण्याच्या पीव्हीसी पाइपने इनटेक बनवणारे खूप आहेत. मोजमाप घेऊन नमुना जमवायला तो ठीक आहे, कायमचा ठेवायला नको. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास पीव्हीसी मऊ पडतो, आणि बॉनेटखाली, विशेषतः गाडी थांबल्यावर, तेवढी उष्णता सहज होते. मऊ पडलेला पाइप क्लॅम्पखाली अंडाकृती होतो आणि थंड झाल्यावर तसाच राहतो. हीच ती परत परत उघडणारी फट.

गळती तपासायची घरगुती पद्धत अशी: सेन्सर काढून ठेवा, पाइप आणि कपलर जोडलेल्या अवस्थेत बाहेर काढा, सगळी तोंडं बंद करा, बादलीभर पाण्यात बुडवा आणि एका नळीतून तोंडाने हलकेच फुंका. बुडबुडे कुठून येतात ते स्पष्ट दिसतं. परत बसवण्याआधी आतून कोरडा ठणठणीत करा. रबरी घड्यांमधली चीर शोधायला अंधारात आतून टॉर्च लावा, घडी ताणली की उजेडाची रेघ दिसते.

तापमानाचा सेन्सर आणि गरम हवा

पी ०११३ आला असेल, किंवा स्कॅनरवर इनटेक तापमान उणे ४० दिसत असेल, तर तापमान सेन्सरचा प्लग जोडलेलाच नाही किंवा तार तुटली आहे. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर एअरफ्लो सेन्सरमध्येच असतो, काहींत वेगळा एअर बॉक्समध्ये खोवलेला असतो आणि बॉक्सबरोबर तोही काढून ठेवला जातो.

गाडी स्थिर वेगात चालत असताना हे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा २५-३० अंशांनी जास्त असेल, तर उघडा कोन फिल्टर रेडिएटरची नाहीतर एक्झॉस्टची गरम हवा ओढतोय. दर तीन अंशांना हवेची घनता साधारण एका टक्क्याने उतरते, म्हणजे तीस अंशांना जवळपास दहा टक्के हवा गेली. मोठ्या पाइपने जे मिळालं असेल त्याहून हे जास्त आहे. बहुतेक गाड्यांचा मूळ बॉक्स पुढच्या जाळीमागून थंड हवाच घेतो. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात नुसत्या इनटेकने ताकद फारशी वाढत नाही, आवाज वाढतो. आवाज आवडतो म्हणून बदल करणं गैर नाही, पण फिल्टरभोवती आडपडदा आणि बाहेरून येणारी हवेची वाट केल्याशिवाय ते काम अर्धवट आहे. थंड हवेसाठी फिल्टर बंपरच्या खाली नेताना मात्र पाण्याचा विचार करा. साचलेल्या पाण्यात फिल्टर बुडाला आणि पाणी सिलिंडरमध्ये गेलं, तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडीत एअरफ्लो सेन्सरच नसेल तर

फिल्टरच्या पाइपवर सेन्सर नाही, किंवा आहे तो फक्त दोन तारांचा, तर तुमची गाडी मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवा काढते. तिथे फिल्टर आणि थ्रॉटलमधल्या गळतीने मोजणी बिघडत नाही, फक्त धूळ आत जाते. मॅनिफोल्डकडची नळी निघाली तर लीन कोडपेक्षा आयडल चढलेलं दिसतं, कोड बहुधा पी ०५०७. अशा गाडीत लीन कोड आला तर तापमान सेन्सर कुठे बसवलाय ते बघा. तो इंजिनाजवळच्या गरम जागी आणि हवा मात्र बाहेरून थंड, असं झालं की ईसीयू हवा विरळ समजून पेट्रोल कमी सोडतो.

टर्बोच्या पेट्रोल गाडीत एअरफ्लो सेन्सर असेल आणि टर्बोच्या पुढच्या पाइपला गळती असेल, तर उलटं होतं: मोजलेली हवा बाहेर निसटते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. डायव्हर्टर व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर टर्बोची दाबलेली हवा मोकळी करणारी झडप) हवा बाहेर सोडणारा लावला तरी गिअर बदलताना हेच घडतं, कधी इंजिन बंदही पडतं. डिझेलमध्ये अशी गळती काळ्या धुराने आणि मेलेल्या पिकअपने कळते.

मूळ बॉक्स परत लावून बघा

वरचं सगळं करूनही आकडे जागेवर येत नसतील तर कंपनीचा पूर्ण इनटेक परत बसवा, कोड पुसा, काही दिवस चालवा आणि तेच तीन आकडे परत लिहा. ते शून्याजवळ आले तर दोष तुमच्या पाइपमध्ये आहे. नाही आले, तर इनटेकला दोष देणं थांबवा आणि पेट्रोलचा दाब, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सरच्या आधीची एक्झॉस्टची गळती या वाटेने जा. म्हणून मूळ बॉक्स, त्याचे स्क्रू, रबरी बुश, सगळं एका पिशवीत बांधून ठेवायचं, विकायचं नाही. वॉरंटीसाठी आणि प्रदूषण तपासणीसाठीही तो लागू शकतो.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा, इंजिन पूर्ण तापेपर्यंत आयडलवर सोडा, मग वेगवेगळ्या वेगांत गाडी चालवा. लाँग टर्म ट्रिम तिन्ही ठिकाणी दहाच्या आत येऊन काही दिवस तिथेच थांबला, मार्करच्या रेघा जुळलेल्या राहिल्या, तर काम झालं. त्याच वेळी फिल्टर काढून पाइप आतून पांढऱ्या कोरड्या फडक्याने पुसून बघा. फडक्यावर करडी धूळ आली तर फिल्टरच्या तोंडाशी किंवा सेन्सरच्या आधीच्या सांध्यात फट आहे. तिथून शिरलेली हवा मोजली जाते, म्हणून ट्रिम काही सांगत नाही आणि दिवाही लागत नाही, पण सिलिंडर आणि रिंगा झिजतात. ती फट बुजेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.